दुखणे छातीचे, तपासणी लघवीची

कळवणच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या घरांत सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना ताप भरला, धाप लागली, की पहिले दोन दिवस काढ्यात आणि ओळखीच्या गोळ्यांत जातात. मग वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठले जाते. तेथे एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसतो. तो कोणत्या जंतूमुळे झाला, हे मात्र कळत नाही. बेडका तपासावा, तर अशक्त वृद्धाला तो खोकून काढताच येत नाही. आला तरी कल्चरच्या अहवालास दोन-तीन दिवस लागतात.

अशा वेळी डॉक्टर लघवीचा नमुना मागतात आणि घरचे चक्रावतात. कारण सरळ आहे. न्यूमोकोकस व लेजिओनेला या जंतूंच्या आवरणाचे सूक्ष्म अंश रक्तातून मूत्रपिंडात व तेथून लघवीत उतरतात. कोविडकाळात परिचित झालेल्या अँटिजेन पट्टीसारखीच पट्टी ते ओळखते. सुमारे 15 मिनिटांत रेघ उमटते. प्रतिजैविक आधी सुरू झाले असले, तरी हे अंश काही दिवस सापडत राहतात. कल्चरचे तसे नाही.

लेजिओनेलाच्या बाबतीत ही रेघ विशेष मोलाची. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकी माजी सैनिकांच्या संमेलनानंतर हा आजार प्रथम ध्यानात आला. 182 रुग्णांपैकी 29 दगावले. हा जंतू साठलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात शिरतो. त्यामुळे पाणी उकळून पिण्याचा नेम कितीही चांगला असला, तरी प्रवासात बंद खोलीतल्या शॉवरपासून तो वाचवीत नाही. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे येथे निष्प्रभ ठरतात. ॲझिथ्रोमायसिन वा लेव्होफ्लॉक्सासिन लागते.

रेघ आली नाही म्हणजे आजार नाही, असे मात्र समजू नये. लेजिओनेलाची प्रचलित पट्टी मुख्यतः सेरोग्रुप 1 हा एकच प्रकार ओळखते. न्यूमोकोकसच्याही काही रुग्णांत ती कोरी राहते. उलट लहान मुलांच्या नाका-घशात न्यूमोकोकस एरवीही वस्तीला असतो, म्हणून त्यांच्यात रेघ फसवी ठरू शकते. धनादेशावरील सही जुळली, तरी खात्यातील शिल्लक कळत नाही. तसेच जंतूचे नाव कळले, तरी तो कोणत्या औषधाला दाद देईल हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी रक्ताचे कल्चर, शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसापूर्वी, घ्यावे लागते. अहवालासाठी उपचार मात्र थांबवायचे नसतात.

नाशिकला निघताना घरी दिलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत आणि गेल्या पंधरवड्यात रुग्ण कोठे मुक्कामास होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.