पेसमेकरच्या तारेत पाणी का शिरत नाही? समजून घ्या शरीरातल्या ‘वॉटरप्रूफिंग’चं विज्ञान

विहिरीतली किंवा बोअरमधली मोटर बंद पडली, की अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी आधी केबलचा जॉइंट बघतो. टेपिंग सैल असेल तर पाणी आत शिरतं आणि करंट गळतो. पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांटची तारही अशीच कायम ओल्यात असते. पण ती मोटरसारखी वर ओढून पुन्हा टेप करता येत नाही. मग ती वर्षानुवर्षं चालते कशी?

पाण्याचा धोका काय?

शरीरातला द्रव म्हणजे जवळपास ०.९ टक्के मिठाचं, ३७ अंश सेल्सिअसचं पाणी. ते वीज वाहून नेतं आणि धातू गंजवतं. तारेतला संकेत आधीच सूक्ष्म असतो. वाटेत गळती झाली, तर तो हृदयापर्यंत किंवा श्रवणाच्या नसेपर्यंत पुरेसा पोहोचत नाही.

धातूचं आवरण का नाही?

१९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर मिळाला, तेव्हा त्याला इपॉक्सीचं आवरण होतं. आज पेसमेकरची डबी टायटॅनियमची आणि हवाबंद असते. तारेला मात्र हृदयाच्या ठोक्याबरोबर दिवसाला सुमारे एक लाख वेळा वाकावं लागतं. म्हणून तिच्यावर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन असतं. मेंदूत बसवायच्या काही अतिसूक्ष्म इलेक्ट्रोडवर पॅरिलीनचा थर देतात. निर्वात यंत्रात त्याची वाफ करून हा काही मायक्रॉनचा थर बसवला जातो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते.

पाणी झटकणारा पृष्ठभाग पुरेसा आहे का?

नाही. अळवावरचं पाणी घरंगळतं, कारण पानावरच्या बारीक उंचवट्यांमध्ये हवा अडकलेली असते. पण असा पृष्ठभाग दीर्घकाळ बुडालेला राहिला, तर ती हवा निघून जाते. शिवाय पाण्याची वाफ प्रत्येक प्लॅस्टिकमधून थोडीफार आत जातेच. सिलिकॉनमधून तर सहज जाते.

म्हणून खरी कसोटी चिकटण्याची असते. कोटिंग धातूला घट्ट चिकटलेलं असेल, तर वाफेला पाणी होऊन साचायला जागाच मिळत नाही. जिथे पकड सुटते, तिथे थेंब जमतो आणि गळती सुरू होते. इलेक्ट्रोडचं टोक मात्र मुद्दाम उघडं ठेवतात. ते बहुधा प्लॅटिनमसारख्या न गंजणाऱ्या धातूचं असतं, कारण संकेत तिथूनच शरीरात जातो.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

• जखम भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आंघोळीने आतल्या भागाला धोका नसतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा कानामागचा प्रोसेसर मात्र वॉटरप्रूफ नसेल, तर आंघोळीआधी किंवा विहिरीत पोहण्याआधी काढून ठेवा.

• ठरलेली तपासणी चुकवू नका. त्यात तारेचा विद्युत रोध मोजतात. पेसमेकरमध्ये तो एकदम घटला तर आवरण खराब झाल्याची आणि खूप वाढला तर तार तुटल्याची शंका घेतली जाते.

• चक्कर, भोवळ, इम्प्लांटच्या जागी सूज किंवा लाली दिसली, अथवा मुलाला अचानक ऐकू येईनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.