टॉनिकाच्या बाटल्या आणि कढीलिंबाचे रोप

मराठी शिकविणाऱ्या माणसाचा मातीशी संबंध तो कितीसा? कवितेत ती येते, तेवढाच. गेली वीस-बावीस वर्षे मी वर्गात ‘काळी आई’, ‘मातीचे ऋण’, ‘मृद्गंध’ असले शब्द मोठ्या तन्मयतेने समजावून देत आले आहे. पण या साऱ्या काळात माझ्या नखांत जर काही गेले असेल, तर ती खडूची भुकटी. ही गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते एका अडाणी हातून, आणि तेही चांगल्या हेतूने, घडलेल्या अपराधाविषयी आहे.

२०२१ साली मामंजी वारले आणि सासूबाई रत्नागिरीकडचे घर बंद करून पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडी आल्या. पुढल्याच वर्षी ते घर विकावे लागले. व्यवहार पुरा झाला त्या दिवशी त्या शेवटच्या म्हणून परसात गेल्या. विहिरीजवळच्या कढीलिंबाच्या बुंध्याशी वीतभर रोपे उगवलेली असत. त्यांतले एक मुळासकट काढून त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावले आणि एस्. टी.च्या सबंध प्रवासात तो डबा मांडीवर धरून आणला. दागिन्यांची पिशवी बाकाखाली होती, रोप मांडीवर होते. यावरून काय ते समजावे.

वर्षभर रोप बरे वाढले. मग २०२३ चा पावसाळा सरता सरता त्याची पाने पिवळी पडू लागली. योगायोग असा, की त्याच सुमारास सासूबाईंचेही जेवण कमी झाले. डॉक्टरांनी त्यांना तपासले, दोष काही सापडला नाही, तेव्हा एक टॉनिक लिहून दिले. घरात टॉनिकाची एक बाटली आलीच होती. रोपालाही एखादी आणावी, या विचाराने मी बागेच्या सामानाच्या दुकानात गेले.

वाचकहो, अशा दुकानात तुम्ही कधी उभे राहिला आहात का? आमच्या लहानपणी खत म्हणजे शेणखत, एवढेच ठाऊक होते. इथे फळीवर फळ्या! गांडूळखत, निंबोळी पेंड, एरंडीची पेंड, हाडांचा चुरा, समुद्रशेवाळाचा अर्क, ह्यूमिक आम्ल, पंचगव्य. आणि प्रत्येकावर हिरव्या अक्षरांत ‘सेंद्रिय’ हा शब्द. त्या शब्दाने मी फसले. माझे तर्कशास्त्र असे, की जे सेंद्रिय ते निरुपद्रवी, आणि जे निरुपद्रवी ते दोन चमचे जास्त घातले म्हणून काय बिघडते? रविवारी सकाळी मी त्या डब्यात दोन मुठी एरंडीची पेंड मुळाशी कोंबली, वर ओले शेण थापले, आणि लिटरला दोन मिलिलिटर घालावयाचा अर्क अंदाजाने, म्हणजे चांगला सढळ हाताने, ओतला.

आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पंधराव्या दिवशी काडी तेवढी उरली.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एकदा काडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “राहू दे गं. त्याला इथलं मानवलं नाही.” ते वाक्य नुसते रोपापुरते नव्हते, एवढे मराठी मला कळते.

आमच्या खालच्या मजल्यावर तात्या राहतात. शेती खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना मी वर बोलावले. त्यांनी काही न विचारता डबा वर्तमानपत्रावर पालथा केला, मूठभर माती उचलून हुंगली आणि मूठ माझ्यापुढे धरली. आंबूस, कुजका वास! मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली. डब्याला खाली भोक नव्हते, हेही तेव्हाच ध्यानात आले.

“प्राध्यापकबाई,” तात्या म्हणाले, “झाडाला जेवायला घालायचं नसतं. मातीला घालायचं. माती झाडाला घालते.”

मग त्यांनी समजावून दिले ते असे. पेंड झाडाला जशीच्या तशी खाता येत नाही. मातीतले सूक्ष्म जीव आधी ती कुजवितात. तिच्यातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्रेट होते, तेव्हा कुठे मुळाला घास मिळतो. शेतात हे काम विस्तीर्ण जागेत, हवेशीर चालते. डब्यात दोन मुठी पेंड कोंबली, की तिथेच सडवा होतो, माती तापते, अमोनियाने कोवळी मुळे भाजतात. ओल्या शेणाचेही तेच. त्यातच पाण्याला वाट नाही, म्हणजे मुळांना हवा नाही. वरून ओतलेला कडक अर्क म्हणजे क्षारांचे पाणी. ते मुळाला पाणी देण्याऐवजी मुळातलेच पाणी ओढून घेते. “पानं पिवळी पडली होती ती मुळं गुदमरल्यामुळे,” तात्या म्हणाले, “आणि तुम्ही त्याला पक्वान्नं वाढलीत!”

त्यांनी काडीची मुळे धुतली, सडलेली कात्रीने कापली. बारा इंची कुंडी आणविली, तिला खाली भोके. दोन भाग साधी माती, एक भाग पुरते मुरलेले कंपोस्ट, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, बस्स. कुंडी सावलीत ठेवावयाची, वरची माती सुकल्यावाचून पाणी द्यावयाचे नाही, आणि सहा आठवडे खत म्हणून काही घालावयाचे नाही. जाताना ते सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, कढीलिंब चिवट असतो. मूळ जिवंत असलं तर खालून फुटेल. पण सूनबाईंना बाटल्यांपासून लांब ठेवा.”

शिक्षा म्हणून म्हणा, शिकविण्याच्या सवयीने म्हणा, ते सहा आठवडे मी वाचनात घालविले. आणि वाचता वाचता एक मराठी नाव भेटले, त्याचा आनंद सांगितल्यावाचून राहवत नाही. सर आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. इथल्या शेतकऱ्याला शिकवावयाचे म्हणून आले आणि त्याच्याकडूनच शिकले. १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरला संस्थेचे काम पाहताना त्यांनी पालापाचोळा, गोठ्यातले शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे! साहेबांचे नाव साऱ्या जगाने घेतले; वाडांचे आपणही घेत नाही.

त्याच्याही आधी, १८८१ साली, डार्विनने आयुष्याच्या अखेरीस एक सबंध पुस्तक लिहिले ते गांडुळांवर. जमिनीचा वरचा सुपीक थर गांडुळांच्या पोटातून पुनःपुन्हा जाऊन तयार होतो, हे त्याने वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन दाखविले. आणि आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. विषय गणित, पण ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी द्राक्ष बागाईतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत कित्येकांना घरची माती घरीच करावयास शिकविले. गणिताच्या प्राध्यापकाला माती कळते, मग मराठीच्या प्राध्यापिकेला का कळू नये, असे मनाशी म्हणून मी एक भोके पाडलेली बादली गॅलरीत आणून ठेवली.

ती बादली मात्र दोन दिवसांत माझ्या हातून गेली. सासूबाईंनी ती ताब्यात घेतली. भाजीच्या देठांवर सुक्या पानांचा थर, पुन्हा सालींवर पाने. मी त्यांना वाचून दाखविले, की कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण पंचवीस-तीसास एक असावे. त्या म्हणाल्या, “म्हणजे ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं. ते मला ठाऊक आहे.” वास आला तर पाने वाढवावयाची, कोरडे पडले तर ताक-पाण्याचा शिपका द्यावयाचा. सोसायटीतली गळलेली पाने गोळा करावयास त्या रोज सकाळी खाली उतरू लागल्या. मग शेजारणी साली आणून देऊ लागल्या, थांबून बोलू लागल्या. जेवण केव्हा वाढले ते टिपून ठेवलेले नाही. टॉनिकाची बाटली मात्र अर्धी तशीच राहिली.

अडीच महिन्यांनी बादलीतले खत काळे, भुसभुशीत झाले. मी ते हुंगले. पहिल्या पावसाचा वास! तात्यांनी सांगितले, की मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. वीस वर्षे जो शब्द फळ्यावर लिहीत आले, तो त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागला.

आता राहिला प्रश्न त्या बाटल्यांचा. त्या साऱ्या खोट्या का? नव्हे. वाढीची उत्तेजके ही खरी वस्तू आहे आणि जुनीही आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ‘कुणपजल’ सांगितले आहे: मांस-चरबी पाण्यात शिजवून, त्यात तिळाची पेंड, मध, भिजवलेले उडीद घालून कुजविलेले द्रव. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती, डॉ. य. ल. नेने यांनी ती मिळविली आणि १९९६ साली नलिनी साधले यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांचे जीवामृत आज खेडोपाडी माहीत आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. समुद्रशेवाळाच्या अर्कात, शहाळ्याच्या पाण्यातसुद्धा, पेशींची वाढ जागविणारी द्रव्ये असतात.

पण उत्तेजक म्हणजे हाक, अन्न नव्हे. १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताच्या एका जुन्या रोगाचा उलगडा केला. त्या रोगात रोपे सरसरून उंच वाढत, आणि मग बारीक होऊन आडवी होत. एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्याची ती करामत होती. पुढे त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. आज नाशिककडे द्राक्षाचा मणी लांबविण्यासाठी तेच द्रव्य मोजून मापून वापरतात. मापात असेल तर मणी फुगतो, मापाबाहेर असेल तर रोप लोळते. आणि मुळाशी काही नसेल तर नुसत्या हाका मारून उपयोग नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचणारी माझी मुले मला या ठिकाणी आठवली.

तेव्हा ज्यांना घरी कुंडीत काही लावावयाचे असेल त्यांच्यासाठी माझा स्वस्तात न मिळालेला अनुभव असा: कुंडीला भोक आहे ना, हे आधी पाहावे. निंबोळी पेंड घालावयाची ती माती भरतानाच, मोठ्या कुंडीला एक मूठ, सर्वत्र मिसळून. दोन महिन्यांनी वरच्या मातीत दोन ओंजळी कंपोस्ट किंवा गांडूळखत. जीवामृत दहापट पाण्यात. बाटलीतला अर्क, दिलाच तर, रोप निरोगी आणि वाढत असताना, लिहिलेल्या मापाने किंवा त्याच्याही निम्म्याने. आजारी रोपाला काहीच देऊ नये. आधी मुळे पाहावीत.

सातव्या आठवड्यात काडीच्या बुडाशी तांबूस-हिरवा ठिपका दिसला. सासूबाईंनीच तो पाहिला, आणि चष्मा पुसून मला बोलावून दाखविला. आज ते झाड माझ्या खांद्याला लागते. या दिवाळीचा चिवडा त्याच्याच पानांच्या फोडणीचा आहे, आणि फराळाच्या प्रत्येक ताटासोबत शेजारी एकेक डहाळी जायची आहे. काल मी पाने खुडावयास गेले, तर सासूबाईंनी हातातली परडी काढून घेतली.

“तू नको,” त्या म्हणाल्या. “तुझ्या हाताला घाई फार.”