आग्वादचा बुटका दीपस्तंभ

गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर गेल्यावर पांढऱ्या गोल दीपस्तंभासमोर सगळेच फोटो काढतात. माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र प्रश्न पडला, हा इतका बुटका कसा? उत्तर पायाखालीच आहे. पृथ्वी गोल असल्याने दिवा जितका उंचावर, तितका तो समुद्रात लांबून दिसतो. इथे मांडवीच्या मुखावरची टेकडीच ती उंची देते. मनोरा चार मजली असला तरी पुरतो.

पोर्तुगिजांनी किल्ला बांधला १६१२ मध्ये. 'आग्वाद' हे नाव पाण्यावरून पडले, कारण जहाजे इथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. दीपस्तंभ १८६४ चा. १९७६ मध्ये जवळच नवा दीपस्तंभ आला आणि जुना विझला.

मुलांना घेऊन गेलात, तर सेल्फीआधी एवढे जरूर सांगा: शंभराहून अधिक वर्षे याच्याच उजेडाने खलाशांना अंधारात किनारा सापडला.