बाळाच्या डोळ्यांतील पंचांग

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीची जुनी पाने चाळताना एक गंमत हटकून आढळते. गावातील निम्म्या मुलांचा जन्म १ जून रोजी झालेला असतो! जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पालकांनी मूल पुढ्यात उभे करावे आणि गुरुजींनी त्याच्याकडे न्याहाळून सोयीची तारीख लिहून टाकावी, अशी ती रीत होती. नोकरीच्या आरंभी आम्हीही अशा काही तारखा लिहिल्या आहेत. त्या चुकीने फार तर एखाद्याची निवृत्ती मागेपुढे होई. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत चार आठवड्यांची चूक केवढी असते, हे आम्हांस २०२४ च्या होळीला उमगले.

आमच्या शाळेत अक्षरदासोहाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंची सून त्या दिवशी, म्हणजे २४ मार्चला, बाळंत झाली. मुलगा झाला, वजन अवघे दीड किलो. आम्ही सोबतीला म्हणून इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "शेवटची पाळी केव्हाची?" सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी झालेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "श्रावण लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी, डॉक्टरसाहेब."

आता २०२३ साली श्रावण दोन होते. अधिक श्रावण १८ जुलैला लागला, निज श्रावण १७ ऑगस्टला. यांतला कोणता, हे त्या माउलीला सांगता येईना. सून तर बोलण्याच्या स्थितीतच नव्हती. आम्ही खिशातल्या कागदावर हिशेब मांडला. २० जुलै धरावी तर बाळाचे ३५ आठवडे भरले होते. १९ ऑगस्ट धरावी तर जेमतेम ३१.

पूर्ण दिवस म्हणजे शेवटच्या पाळीपासून २८०, अर्थात ४० आठवडे. आपले 'नऊ महिने नऊ दिवस' या हिशेबाच्या अगदी जवळचे आहेत. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले ते अकाली. पण अकालातही भेद आहेत. दीड किलोचे बाळ ३५ आठवड्यांचे असेल, तर ते पोटातच उपाशी राहिलेले. त्याच्या रक्तातील साखर उतरण्याची धास्ती अधिक, पण ते बहुधा दूध ओढू शकते. तेच बाळ ३१ आठवड्यांचे असेल, तर वजन वयाला साजेसे, मात्र शरीर कच्चे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी घाईने तोंडाने दूध पाजले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय. असे बाळ मधूनच श्वास घ्यायलाही विसरते. (सातमाशी जगते आणि आठमाशी जगत नाही, हा आपल्याकडील समज निखालस चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो.)

तारीख ठाऊक नसली, तर बाळाच्या अंगावरील खुणा वाचतात. तळपायाच्या रेषा, कानाच्या पाळीचा ताठपणा, त्वचा, हातपाय आखडून घेण्याची ढब, या सर्वांना गुण देऊन वय काढण्याची पद्धत डुबोविट्झ दांपत्याने १९७० मध्ये मांडली. जीन बॅलर्ड यांनी १९७९ मध्ये ती सुटसुटीत केली. तिच्यात दोन आठवड्यांची चूक सहज होते.

आमच्या डॉक्टरांनी मात्र बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत वाट पाहिली आणि डोळे तपासण्याच्या लहानशा यंत्रातून आत पाहिले. गर्भाच्या डोळ्यातील भिंग वाढत असते, तेव्हा त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. भिंगाला पोसून झाले, की ही जाळी मधल्या भागापासून कडेकडे विरत जाते. हेलन हिटनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तिच्या चार पायऱ्या लावून दिल्या. सबंध भिंग जाळीने झाकलेले असेल, तर २७-२८ आठवडे. मधले भाग मोकळे होऊ लागले, तर २९-३०. मध्य चांगला मोकळा झाला, तर ३१-३२. केवळ कडेला तुरळक धागे उरले, तर ३३-३४. उपाशी वाढलेल्या बाळांतही ही खूण टिकते, असे त्यांनाच १९८१ मध्ये आढळले. आम्हांस हीच तिची थोरवी वाटते. मर्यादाही आहेत. त्याहून लहान बाळाचे पारपटल धूसर असते, चौतीस आठवड्यांनंतर जाळीच उरत नाही, आणि तपासणी जन्मानंतर एकदोन दिवसांतच व्हावी लागते.

ती पाहायला सरावलेली नजर लागते, आणि तशी नजर प्रत्येक तालुक्याला कोठून आणावी? म्हणून डोळ्याचे चित्र कॅमेऱ्याने टिपून त्यातील जाळीचे मोजमाप संगणकाकडून करवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. दृष्टिपटलाची चित्रेही यासाठी अभ्यासली जातात. तेथील रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि बाहेरच्या कडेला पोहोचतात त्या दिवस भरता भरता. अकाली बाळांना याच अपुऱ्या वाढीतून अंधत्व येऊ शकते. ते टाळण्यासाठी आमच्या कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या इस्पितळांत जातात, आणि चित्रे बंगळूरच्या तज्ज्ञांकडे पोहोचतात. दूरच्या नजरेचा उपयोग कसा होतो, हे त्यातून दिसलेच आहे. तरीही रडणाऱ्या, डोळे मिटून घेणाऱ्या दीड किलोच्या जिवाचे स्वच्छ चित्र घेणे वाटते तितके सोपे नाही.

डॉक्टर बाहेर आले. "जाळी अजून आहे, पण मध्य मोकळा झालाय. निज श्रावण, गुरुजी." बाळाला काचेच्या पेटीत ठेवून नळीने दूध सुरू झाले, पुढे महिन्याच्या आत दृष्टिपटलाचीही तपासणी झाली, ती निर्वेध निघाली. घरी पाठवताना कार्डावर दोन वये लिहिण्याची सोय करून दिली होती, एक २४ मार्चपासूनचे आणि दुसरे २५ मेपासूनचे, म्हणजे दिवस भरले असते तेव्हापासूनचे. वाढ मोजायची ती दुसऱ्याने.

नोव्हेंबरात शेजारणी कुजबुजू लागल्या, की आठ महिने झाले तरी मूल बसत नाही. आजीबाई कार्ड घेऊन शाळेत आल्या. आम्ही दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे सहा महिने होते. संक्रांतीला बोरन्हाणाचे आमंत्रण आले. हलव्याचे दागिने घालून स्वारी पाटावर आपली आपण बसली होती, आणि चुरमुऱ्यांतली बोरे तोंडात घालू पाहत होती; आजीबाईंची ती काढून घेता घेता तिरपीट उडाली होती.