गुणदानाची वही

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हातची लाल पेन्सिल सुटीतही सुटू नये, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. गेल्या मे महिन्यात आळंद तालुक्यातील उन्हाने घराबाहेर पडणे दुष्कर झाले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने सहा मराठी पुस्तके वाचून प्रत्येकास दहापैकी गुण दिले व ते एका वहीत टिपून ठेवले. भाषा, रचना आणि विचार या तीन कसोट्या आधीच ठरविल्या होत्या. महिनाअखेर वही चाळताना मात्र गुण या कसोट्यांनी दिलेले दिसेनात.

'श्यामची आई' आणि 'स्मृतिचित्रे' यांना प्रत्येकी नऊ. तो बालपणापासूनचा ऋणानुबंध आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. 'बनगरवाडी'लाही (१९५५) नऊच. हे गुण माडगूळकरांच्या नितळ शैलीचे, असा शेरा वहीत आहे. तो अर्धाच खरा. धनगरांच्या वस्तीवर शाळा भरविणारा तरुण मास्तर अखेरीस दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीतून निघतो. आमच्या शाळेच्या पटावरील मराठी माध्यमाची मुले दरवर्षी घटत आहेत. तेव्हा त्या मास्तराला गुण देताना परीक्षकाने स्वतःच्या पदरातही एखादा गुण टाकून घेतला असावा. इरावतीबाईंच्या 'युगान्त'ला आठ. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाला सात, आणि तेही संदर्भांच्या दाटीमुळे वाचन अडखळते एवढ्याच कारणाने. पंढरीच्या दैवताचे कर्नाटक-आंध्राशी असलेले नाते उलगडणाऱ्या ग्रंथाला आमच्यासारख्या सीमेवरच्या वाचकाने असे तोलावे, याचे आता नवल वाटते.

खरी अडचण सहाव्या पुस्तकाची. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ला (१९८४) पाच गुण, आणि पुढे शेरा : 'भाषा मिश्र व अशुद्ध'. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे. तो तालुका आमच्या तालुक्याला लागून आहे. मध्ये राज्याची सीमा आहे, बोलीला मात्र ती ठाऊक नाही. शब्दाचा अर्थ पाहावा : बारा माशांचा तोळा पूर्ण, अकरा माशांचा तो उणा. ज्याच्या जन्मालाच समाजाने उणे ठरविले, त्याच्या आत्मकथनाला तराजूत घालून आम्ही पुन्हा उणे ठरविले!

ज्या ज्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती, ते बहुतेक शब्द आमची मुले निबंधात लिहितात आणि आम्ही ते खोडतो. वास्तविक 'तूप' आणि 'अडकित्ता' हेही कानडीतूनच आलेले शब्द. 'अण्णा' आणि 'अक्का' ही संबोधनेही तिकडचीच. त्यांना कोणी रेघ मारीत नाही, कारण ते लवकर आले. उशिरा आलेल्यांना, आणि विशेषतः गरिबाच्या तोंडून आलेल्यांना, शुद्धलेखनाची चौकी लागते.

वहीतील पाचाचा आकडा मी खोडलेला नाही. परीक्षकाचा तो पुरावा आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या निबंधांचा पहिला गठ्ठा आला. त्यातील तसल्या शब्दांवर काट न मारता समासात प्रमाण शब्द लिहिला आणि गुण कापले नाहीत. दहावीच्या परीक्षेत मात्र ते कापले जातील, हेही त्याच तासाला मुलांना सांगावे लागले.