रंग उतरवण्याआधी

जुनी फियाट कामाला काढली की गॅरेजात पहिली चर्चा होते ती रंगाची. इंजिन नंतर बघू, आधी गाडी पत्र्यापर्यंत खरवडून घेऊ, असं ठरतं. मग डेंटिंग, पुट्टी, प्रायमर, आणि वरून आजच्या गाड्यांसारखा आरसपानी रंग. आतलं रेक्झिन फाडून नवं बसतं, खड्डे पडलेलं क्रोम फेकून बाजारातलं नवं बंपर लागतं, पिवळट पडलेल्या काचेचं स्टिअरिंगवरचं बटणसुद्धा बदललं जातं. काही महिन्यांनी गाडी बाहेर येते तेव्हा बघणारे म्हणतात, ‘शोरूममधून आत्ता काढलीय असं वाटतं!’ माझा आक्षेप नेमका या कौतुकाला आहे. शोरूममधून अशी फियाट कधी निघालीच नव्हती. सत्तरच्या दशकातल्या भारतीय गाडीच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असे, दारांच्या फटी चारही बाजूंनी सारख्या नसत, बोनेट पहिल्या फटक्यात लागेलच याची खात्री नसे. आज जी ‘नव्यासारखी’ म्हणून मिरवली जाते ती नव्यापेक्षा जास्त नवी असते. म्हणजे एका अर्थी कधी नव्हतीच अशी असते. जुन्या गाडीचं काम म्हणजे तिच्या अंगावरचा पुरावा सांभाळून तिला चालती ठेवणं, असं मी मानतो. तो पुरावा पुसून टाकला, तर उरतो जुन्या आकाराचा नवा पत्रा.

पुरावा म्हणजे कसला, ते फियाटवरच बघता येईल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४पासून फियाट ११०० तिथं तयार होऊ लागली. गोलमटोल नाकाच्या त्या गाडीला महाराष्ट्रानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि त्यात हेटाळणीपेक्षा लाडच जास्त होता. १९६४ साली चौकोनी अंगाची ११०० डी आली. फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. साधारण हाच ऐवज थोड्याफार फरकानं शतक संपेपर्यंत चालला. इतकी वर्षं जवळजवळ तीच गाडी बनत राहिली, म्हणूनच बारीक फरकांना किंमत आहे. कुठल्या वर्षी सुट्या भागांवर इटालियन शिक्के होते आणि कुठल्या वर्षी देशी आले, डायलवर कोणाचं नाव होतं, काचेच्या कोपऱ्यात कुठल्या कारखान्याची खूण होती, यांवरून भारतानं मोटार बनवायला कसकशी सुरुवात केली ते वाचता येतं. पन्नास वर्षं वयाच्या गाडीत शेवटच्या काळातल्या पद्मिनीचा जमिनीवरचा गिअर आणून बसवला, की चालवायला सोय होते, पण वाचायचं पान फाटतं.

रंगाचंच घ्या. डॅशबोर्डच्या पोटात, दाराच्या बिजागरीमागे, डिकीच्या रबराखाली कारखान्याचा रंग बहुधा शाबूत सापडतो, कारण दुसऱ्यांदा गाडी रंगवणारा तिथपर्यंत स्प्रे नेत नाही. चांगला कारागीर बाहेरच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा निवडतो, बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून घेतो आणि मधून कडेकडे हलक्या हातानं गोल घासत जातो. थरांच्या कडा एकामागून एक उघड्या पडतात: वरचा पांढरा, त्याखाली राखाडी प्रायमर, मग फिकट निळा, पुन्हा तांबूस प्रायमर, आणि मधोमध चमकणारा पत्र्याचा ठिपका. डाव्या मडगार्डवर एक थर जास्त आणि त्याखाली जाड पुट्टी निघाली, तर तिथं कधीतरी ठोकर बसली होती. लोहचुंबक फिरवला की तो जिथं ढिला पडतो तिथं पत्र्याऐवजी भराव आहे. एवढं कळल्यावरच ठरवायचं, की वरचे थर हळूहळू काढून खालचा मूळ रंग मोकळा करता येतो का, की तो इतका गेलाय की नव्यानं मारणंच भाग आहे. सरसकट खरवडून काढणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. आणि नव्यानं मारायचा झाला, तरी तळाच्या नमुन्यावरून छटा जुळवून, वर पारदर्शक चकाकीचा थर न देता मारता येतो. तेवढा मोह मात्र आवरावा लागतो.

यावर पहिला आणि सगळ्यांत जुना आक्षेप असा: गाडीचे भाग बदलायचेच असतात. टायर, प्लग, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर कुणी पन्नास वर्षं ठेवतो का? मग मूळपणाचा हट्ट कुठं थांबवायचा? हा आक्षेप वाटतो तेवढा अवघड नाही, कारण त्याचं उत्तर गाडी बनवणाऱ्यानंच दिलेलं आहे. झिजून संपण्यासाठी जे बनवलं ते त्यानं बदलायला सोपं केलं आणि त्याचे सुटे भाग दुकानात ठेवले. पत्रा, काचा, डायल, आतलं अस्तर, बिजागऱ्या, दारांचे हँडल, नक्षीच्या पट्ट्या हे गाडीच्या सोबतीनं आयुष्य काढतील असं धरून बनवलेले भाग आहेत, आणि खुणा त्यांच्यावरच साचतात. पहिल्या जातीच्या भागांबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपातला पडदा तर बदललेच पाहिजेत. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, आणि गळका पाइप गरम इंजिनावर ठिबकला तर गाडीबरोबर तिचा सगळा इतिहासही जळून जातो. काही जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह शिसंयुक्त पेट्रोलवर विसंबून असत. ते पेट्रोल आपल्याकडे २०००पासून बंद झालं, तेव्हा तिथं कठीण धातूच्या सीट बसवणं हा शहाणपणाच आहे. हे बदल बाहेरून दिसत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे पुढेमागे कुणाला उलटवावेसे वाटले तर उलटवता येतात. दुसऱ्या जातीच्या भागांना हात लावताना मात्र मेहनत बदलण्यावर नव्हे, टिकवण्यावर खर्च व्हायला हवी. खड्डे पडलेला क्रोमचा तुकडा पुन्हा प्लेटिंग करून घेणं नवा आणण्यापेक्षा कटकटीचं असतं, कबूल. पण मूळ तुकड्याची धार आणि वजन बाजारातल्या नकलेला क्वचितच येतं.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण बहुतेक भाग बदलूनही गाडी तीच राहू शकते, असं न्यायालयानंच म्हटलं आहे. इंग्लंडमधला बेंटलीचा खटला हा या आक्षेपाचा हुकमाचा पत्ता. १९२९ आणि १९३०ची ल मां शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली एका कोटी पौंडांच्या आसपास विकायचा करार झाला, आणि खरेदीदारानं गाडी मूळ नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांनी गाडीचा एकेक भाग तपासला. शर्यतीच्या काळातलं फारच थोडं शिल्लक होतं. मधल्या वर्षांत इंजिन, चासी, बॉडी सगळंच बदलत गेलं होतं. तरीही निकाल गाडीच्या बाजूनं गेला, कारण ती कुठेही नष्ट झाली नव्हती. एका गाडीचा सलग इतिहास होता आणि प्रत्येक बदल त्या इतिहासातच घडलेला होता. यातून ‘भाग बदलले तरी चालतात’ एवढाच बोध घेणारे निकालाचा अर्धाच भाग वाचतात. बेंटली वाचली ती सलगपणामुळे, आणि तो सिद्ध करता आला तो कोणता बदल केव्हा आणि कशासाठी झाला याचा माग लागला म्हणून. एका हिवाळ्यात अख्खी गाडी उघडून, जुने भाग भंगारात देऊन, एकही फोटो न ठेवता जी ‘नवी’ केली जाते तिच्याबाबत हा युक्तिवाद उभाच राहत नाही.

जगातल्या जाणकारांचं मतही याच दिशेनं सरकत आलं आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिवानं, २०१२मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेतले विचार त्यात मोटारींना लावले आहेत: आधी सांभाळा, मग डागडुजी करा, पुनर्निर्मितीकडे सगळ्यात शेवटी वळा, आणि जे नवं घालाल ते नवं म्हणून ओळखता येईल असं ठेवा. कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं प्रदर्शन हे तर चकचकीत गाड्यांचं माहेरघर. स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचासुद्धा एका रेषेत लावण्याची ख्याती तिथल्याच स्पर्धेची. पण तिथंही न छेडलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला तो १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड तिसरे यांच्याकडे असलेली ही गाडी जीर्ण काळ्या रंगानिशी उभी होती. जतन केलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. दुसरं टोकही सांगायला हवं. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी सत्तरएक वर्षं पडून राहिलेली एक बुगाटी २००९मध्ये वर काढली. पुढच्या वर्षी पॅरिसला तिचा लिलाव झाला आणि कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयानं ती गंजून चाळण झालेल्या अवस्थेतच मांडली. तिथं ते योग्यही होतं, पण त्याला गाडीचं जतन म्हणवत नाही. तो अवशेष आहे. माझा आग्रह चालत्या गाडीचा आहे, आणि म्हणून गंजाचा आक्षेप मला टाळता येत नाही.

गंज थांबत नाही, तो खुणा सांभाळत बसत नाही, आणि फियाटच्या बाबतीत तर तो थेट हाडांना लागतो. तीसच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांना वेगळी शिडीसारखी चासी असे. बॉडी सडली तरी खालचा सांगाडा उभा राही. फियाट ११००ला अशी वेगळी चासी नाही. फरशीचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि बॉडी मिळूनच गाडीचा भार उचलतात. फरशी सडलेली पद्मिनी म्हणजे मोडलेल्या कण्याची पद्मिनी, आणि तिथं जुन्या पत्र्याचं कौतुक करत बसणं हा मूर्खपणा आहे. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा, त्याच घडीचा पत्रा वेल्ड करावाच लागतो. प्रश्न एवढाच, की कापायचं किती. दाराखालच्या पट्टीच्या पोकळीत ओल साठून सहा इंच गेलं असेल, तर सहा इंचाला थोडी भर घालून कापावं. हात आत जायला सोपं म्हणून अख्खी पट्टी उडवू नये. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट फासला गेला, तेव्हाही हेतू भक्तीचाच होता. गळतं छप्पर दुरुस्त करणं आणि दगड रंगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच तिथं कुणी पाहिलं नाही. फरशीचं वेल्डिंग हे छपराचं काम. दारावरचा रंग हा दगड.

कायद्यानंही या फरकाकडे वाकून बघितलं आहे, पण अर्धवट. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफाराची मोठी दुरुस्ती न झालेली, अशी अट आहे. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. पहिल्या पद्मिनी २०२४पासून या वयात आल्या आहेत. हेतू चांगला आहे. पण मूळ पत्रा शर्थीनं वाचवून फरशीचा तुकडा वेल्ड केलेली गाडी, आणि मागून सगळंच बदलून वर जुना बिल्ला लावलेली गाडी, यांत टेबलापलीकडून भेद कसा करायचा, ते मालकानं कामाचा हिशेब दाखवल्याशिवाय कळणार नाही. उघडण्याआधीचे फोटो, कापलेल्या पत्र्याचे तुकडे, बदललेल्या भागांची यादी, कुणी कुठं काय केलं त्याची नोंद, असं बाड प्रत्येक गाडीसोबत असायला हवं. आपल्या मिस्त्रींच्या हाताला जगात तोड नाही. बाजारात न मिळणारा बुश ते लेथवर दुपारपर्यंत करून देतात. पण लिहून ठेवायची सवय या धंद्यात नाही, आणि मूळपणाचं निम्मं नुकसान या न लिहिण्यानं झालं आहे.

मिस्त्रींवरून खास आपला असा शेवटचा आक्षेप निघतो: भारतात गाडी कारखान्यातून निघाली तशी कधी राहिलीच नाही, मग ‘मूळ’ म्हणजे काय? हा सगळ्यांत खरा आक्षेप आहे, आणि मुंबईची टॅक्सी त्याचं उत्तम उदाहरण. काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे नुसती पद्मिनी नव्हे. तिच्या छपरावर सामानाचं कॅरिअर होतं, डावीकडे बाहेर मीटर होता, आतल्या छताला फुलाफुलांचं रेक्झिन होतं, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर डिकीत सीएनजीचा सिलिंडर आला. यांतलं काहीच कुर्ल्याच्या कारखान्यात बसलेलं नव्हतं, पण टॅक्सी म्हणून तिचं चारित्र्य याच गोष्टींनी घडलं. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता त्या गाड्या हौशी लोकांच्या हाती पडतात, आणि बहुतेकांना सुचतं ते हेच की काळा-पिवळा खरवडायचा, मीटरची भोकं बुजवायची आणि सत्तरच्या दशकातल्या खासगी गाडीचा फिकट क्रीम रंग द्यायचा. अशानं ती खासगी गाडीही खोटी ठरते आणि ही टॅक्सीही जाते. कामाच्या आयुष्यात झालेला बदल हा मूळपणाचाच भाग मानावा, आणि निवृत्तीनंतर शोभेसाठी केलेला बदल मानू नये, अशी रेघ मी ओढेन. सीएनजीच्या सिलिंडरच्या तपासणीची मुदत संपलेली असेल तर तो गॅस काढून टाकून बंद करावा, पेट्रोलची वाट पुन्हा सुरू करावी, पण डिकीतले ब्रॅकेट कापू नयेत आणि मीटरची भोकं तशीच ठेवावीत.