शापासकट उतरलेली बखर

दिलेली जमीन जो कोणी बळकावील त्याच्यासाठी शिलाहार राजवटीत कोरून ठेवलेली गधेगाळ ज्याने कोकणातल्या एखाद्या बांधावर उभी पाहिली आहे, त्याला शापवाणीचे वेड म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मला ते वेड फार जुने आहे. राजाच्या प्रशस्तीपेक्षा लेखाच्या अखेरीस येणारी धमकी मला नेहमीच अधिक बोलकी वाटत आली. प्रशस्तीतून राजाची हौस कळते, धमकीतून त्याचे भय. या वेडापायीच मी बल्गेरियाच्या इतिहासात शिरलो, आणि शिरलो तोही राजवाड्याच्या महाद्वारातून नव्हे, तर एका हस्तलिखिताच्या शेवटल्या पानातून.

प्रवासवर्णनकारास जे जे हवे ते ते सारे त्या देशात आहे, म्हणून तो भाग मी झरझर उरकतो. काझानलिकच्या खोऱ्यात मे-जूनमध्ये उन्हे चढण्यापूर्वी गुलाब खुडतात आणि किलोभर तेलासाठी तीन-चार टन पाकळ्या भट्टीवर चढवितात; 2925 मीटर उंचीचे मुसाला हे संबंध बाल्कन द्वीपकल्पातील सर्वोच्च शिखर रिला पर्वतात आहे, आणि त्याच पर्वताच्या कुशीतला प्रख्यात मठ 1833 च्या आगीत भस्मसात झाल्यावर लोकांनी वर्गणी गोळा करून पुन्हा उभारला; सोफियाच्या उपनगरातील बोयाना चर्चमधली 1259 सालची भित्तिचित्रे पाहताना मनुष्य मान दुखेपर्यंत हलत नाही. मात्र 24 मे या दिवसाचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण लिपी, ग्रंथ आणि विद्या यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी पाळणारे व शाळकरी पोरांच्या मिरवणुका काढणारे देश जगात थोडे आहेत, आणि अक्षराविषयीच्या या भक्तीचे मूळ ज्या पोथीपर्यंत पोचते तिच्याविषयीच हा लेख आहे.

स्तारा प्लानिना पर्वताच्या पूर्वभागात कोतेल नावाचे एक लहानसे गाव आहे. मेंढपाळांचे, लोकरीचे, गालिच्यांचे. 1894 च्या आगीतून वाचलेली काळपट लाकडी घरे त्याच्या एका पेठेत अद्याप उभी आहेत. या गावी 1765 साली अथोस पर्वतावरील एक भिक्षू आला. अथोसचे मठ आपले काही भिक्षू गावोगाव दक्षिणा गोळा करावयास व यात्रेकरू जमवून आणावयास धाडीत असत, त्यांपैकीच हा एक. मात्र याच्या झोळीत त्याने स्वतः रचलेली बल्गेरियन लोकांची एक बखर होती. गावचा धर्मगुरू स्तोयको व्लादिस्लावोव त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. त्याने ती बखर मागून घेतली, पहिल्या पानापासून अखेरपर्यंत उतरवली, नक्कल गावच्या चर्चला अर्पण केली आणि शेवटी नोंद करून ठेवली की, जो कोणी हा ग्रंथ आपलासा करील वा चोरील तो परमेश्वराकडून आणि बारा प्रेषितांकडून शापित होवो. छापखाना नसलेल्या मुलखात ग्रंथरक्षणाचा दुसरा बंदोबस्त तरी कोणता होता?

भिक्षूचे नाव पाइसी. जन्म 1722 चा. जन्मगाव कोणते यावर बल्गेरियात आजही हिरिरीने वाद चालतो आणि बान्स्को हे गाव त्या वादात सर्वांत मोठ्याने बोलते. त्या वादात मला रस नाही. रस आहे तो त्याने आपल्या ग्रंथाच्या उपसंहारात मांडलेल्या गाऱ्हाण्यांत. त्याचा थोरला भाऊ अथोसवरील हिलेंदार मठाचा प्रमुख होता आणि तो स्वतःही तेथेच राहत असे; तो मठ तुर्की सरकारास तीन हजार कुरुश कर भरीत होता, शिवाय सत्तावीस हजारांच्या कर्जात बुडाला होता, आणि त्या पायी भिक्षूंमध्ये इतकी भांडणे माजली की पाइसी कंटाळून शेजारच्या झोग्राफ मठात निघून गेला, असे तो सरळ लिहितो. डोकेदुखी आणि पोटदुखीने आपणांस किती छळले हेही तो लिहून ठेवतो. 1761 साली हाब्सबुर्ग राज्यातील कार्लोव्ची येथे जाऊन, मावरो ओर्बिनीच्या स्लाव राजांवरील ग्रंथाच्या रशियन भाषांतरासारखी साधने चाळून, 1762 साली त्याने झोग्राफमध्ये लेखन पुरे केले. सर्ब आणि ग्रीक भिक्षू, तुम्हां बल्गेरियनांना इतिहासच नाही, म्हणून हिणवीत. त्यांना उत्तर म्हणून हा खटाटोप. इतिहासशास्त्राच्या कसोटीवर ग्रंथ पुष्कळ ठिकाणी घसरतो, राजांच्या वंशावळीत गोंधळ आहे, आणि स्वजनांपैकी जे ग्रीकांची भाषा व रीत उचलून आपल्या नावाची लाज बाळगतात त्यांच्यावर त्याने ओढलेले कोरडे तर निव्वळ संतापाचे आहेत. परंतु विद्वत्तेने जे साधले नसते ते त्या संतापाने साधले. हाताहाताने उतरत गेलेल्या त्याच्या साठांहून अधिक नकला आज ज्ञात आहेत. ग्रंथ छापून निघाला तो 1844 साली, बुदा येथे, ह्रिस्ताकी पावलोविचच्या हातून आणि बदललेल्या नावाने. पाइसी हा कोण, हे मारिन द्रिनोवने 1871 मध्ये लेख लिहून सांगेपर्यंत विद्वानांनाही धड ठाऊक नव्हते.

पण मला पाइसीपेक्षा तो नक्कल करणारा स्तोयकोच अधिक भुरळ घालतो, आणि त्याचे कारण त्याने उतारवयात लिहिलेले छोटेखानी आत्मचरित्र. 1794 मध्ये तो सोफ्रोनी हे नाव धारण करून व्रात्साचा बिशप झाला. पद मोठे, पण काळ कुर्जाली लुटारूंचा. सुलतानाची सत्ता फर्मानापुरती उरलेली, मुलूख उजाड, आणि बिशपचा वसूल मागायचा तर मागायचा कोणाकडे? चुन्याच्या डोंगरांत चिरा पडावी तशी व्रात्साची खिंड आज गिर्यारोहकांनी गजबजलेली असते. याच टापूतून सोफ्रोनी लुटारूंच्या भयाने गावोगाव पळत होता. प्लेवेन शहरी एका तुर्काच्या जनानखान्यात लपून बसण्याची पाळी त्या पवित्र पुरुषावर आली, आणि तो ते कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो. त्याआधी एकदा, एका सुलतानवंशीय सरदाराच्या मनात भरलेल्या मुलीचे दुसऱ्याशी लग्न लावल्याच्या रागाने त्याला झाडाखाली नेऊन गळ्यात फास अडकवला, तेव्हा फासाचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याने गयावया केली. पुढे विदिनचा बंडखोर पाशा उस्मान पाझ्वांतोग्लू याने त्याला तीन वर्षे अडकवून ठेवले. याच पाशाच्या मशिदीच्या मनोऱ्यावर चंद्रकोरीऐवजी बदामाच्या आकाराचा कळस आहे आणि दान्यूबकाठी विदिनला जाणारा प्रवासी तो आजही पाहतो. अखेरीस सोफ्रोनी सुटून बुखारेस्टला गेला, तेथे लिहू लागला, आणि 1806 साली त्याने रविवारच्या प्रवचनांचा संग्रह छापला. आधुनिक बल्गेरियन भाषेतील छापील ग्रंथांत तो पहिला. फासाच्या दोराला धरून रडणाऱ्या माणसाने स्वतःला वीर म्हणून एकदाही रंगविले नाही, यातच त्या आत्मचरित्राचे मोल आहे.

आता चोरीची हकीकत. पाइसीच्या हातचे मूळ लेखन झोग्राफ मठात जपलेले होते. 1985 साली, सोफियात तोदोर झिवकोवची साम्यवादी राजवट असताना, बल्गेरियन गुप्तहेर खात्याच्या हस्तकांनी ते तेथून पळवले आणि जागी हुबेहूब नक्कल ठेवली. राज्यकर्त्यांनी त्यात मानली असेल देशभक्ती. मी तिला चोरीच म्हणतो, आणि ती सरकारी दफ्तराच्या आशीर्वादाने झाली म्हणून तर अधिकच हीन. त्याच 1984-85 च्या हिवाळ्यात त्याच सरकारने देशातील तुर्की वंशाच्या लक्षावधी नागरिकांची नावे सक्तीने बदलून बल्गेरियन केली, आणि 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक मुलूख सोडून तुर्कस्तानात गेले. आपल्या नावाची लाज बाळगू नका, असे ज्याने आपल्या लोकांना बजावले त्याची पोथी ज्यांनी हस्तगत केली, त्यांनीच दुसऱ्यांची नावे हिरावून घेतली! ही विसंगती कोणा कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

राजवट कोसळली. 1996 मध्ये ते मूळ हस्तलिखित सोफियाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या हाती आले, आणले कोणी ते गुलदस्तात ठेवून. आणि मग जाहीर झगडा पेटला. राष्ट्राचा ठेवा राष्ट्रातच राहिला पाहिजे, असे एक पक्ष म्हणे. चोरीचा माल मालकाला परत गेला पाहिजे, असे दुसरा. राष्ट्राध्यक्ष पेतर स्तोयानोव यांनी दुसरी बाजू घेतली आणि 12 जानेवारी 1998 रोजी हस्तलिखित झोग्राफला परत केले. पहिल्या पक्षाच्या भावना मी समजू शकतो, पण त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही, कारण हा ग्रंथ जगला तो मुळात कोणाच्या कडीकुलपात राहून नव्हे, तर मागेल त्याला उतरवून घेऊ देऊन.

याचा पुरावा कोतेलच्याच धर्मगुरूने ठेवला आहे. 1781 साली, म्हणजे पहिल्या नकलेनंतर सोळा वर्षांनी, स्तोयकोने त्याच बखरीची दुसरी नक्कल स्वहस्ते केली. का केली, याविषयी माझा तर्क असा की पहिली प्रत तोवर त्याची राहिली नव्हती, चर्चची झाली होती, आणि तिच्या शेवटी त्याच्याच हस्ताक्षरातला शाप होता. तेव्हा स्वतःला पोथी हवी झाल्यावर चर्चची प्रत घरी नेण्याऐवजी त्याने बोरू पुन्हा हाती घेतला.